इन्स्टॉलेशन अडकलंय? आधी नक्की कुठे अडकलंय ते शोधा

पीएचडी म्हटलं की पहिले काही महिने वाचनात जाणार, मग प्रयोग, मग विश्लेषण, असं एक चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात अनेकांचे सुरुवातीचे दिवस लॅबमधला नवा कॉम्प्युटर उभा करण्यात जातात. सिम्युलेशन असो, जीनोमचा डेटा असो की इमेज प्रोसेसिंग, बऱ्याच लॅब तयार वर्कस्टेशन घेण्याऐवजी सुटे भाग मागवून मशीन असेंबल करून घेतात. तेवढ्याच पैशांत जास्त रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड बसतं, हे साधं कारण. पण तयार मशीनमधले भाग एकमेकांशी जुळतात की नाही, हे कंपनीने आधीच पाहिलेलं असतं. असेंबल केलेल्या मशीनमध्ये ते पाहणारे पहिले तुम्हीच असता. आणि ही परीक्षा बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीम टाकतानाच होते. पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलेशन सुरू झालं आणि स्क्रीन काळी पडली. किंवा प्रगतीची पट्टी अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली.

मग काय होतं? कोणी म्हणतं पेनड्राइव्ह बदल, कोणी म्हणतं बायोस अपडेट कर, कोणी म्हणतं दुसरं लिनक्स टाकून बघ. आपण सगळंच एकदम करतो. संध्याकाळपर्यंत कधीतरी इन्स्टॉलेशन पुढे सरकतं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

धोका नेमका इथे आहे. मशीन चालू झालं, पण ते का अडकलं होतं हे कळलं नाही, तर तो दोष अजून आतच बसलेला असू शकतो. रॅम अस्थिर असेल तर आज फक्त इन्स्टॉलेशन थांबेल. उद्या तीच रॅम तुमच्या तीन दिवस चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये एखादा आकडा बदलेल आणि कुठलाही एरर दाखवणार नाही. थांबलेलं काम निदान दिसतं, चुकलेला आकडा दिसत नाही. म्हणून या लेखात आपण इन्स्टॉलेशन पुढे कसं ढकलायचं यापेक्षा अडकण्याचं कारण कसं पकडायचं हे बघू. उदाहरणासाठी उबुंटू लिनक्स घेतलंय, कारण लॅबमध्ये ते सर्रास वापरलं जातं. एखाद्या उपकरणाच्या सॉफ्टवेअरसाठी तुम्हाला विंडोज टाकायचं असेल, तरी विचार करायची पद्धत हीच.

बटण दाबल्यावर काय काय घडतं

"इन्स्टॉलेशन अडकलं" हे वाक्य डॉक्टरला "बरं वाटत नाही" म्हणून सांगण्यासारखं आहे. खरं, पण उपयोगाचं नाही. आधी टप्पे माहीत हवेत. ढोबळमानाने ते पाच आहेत.

1. मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स जागेवर आहेत का, हे इथे बघितलं जातं. याला पोस्ट म्हणतात.
2. मदरबोर्डमधलं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, बूट करता येईल असं माध्यम शोधतं. आपण सवयीने याला अजूनही बायोसच म्हणतो.
3. पेनड्राइव्हवरचा बूटलोडर सुरू होतो. उबुंटूमध्ये तो ग्रब. तो लिनक्सचा कर्नल रॅममध्ये आणून ठेवतो.
4. कर्नल एकेक हार्डवेअर ओळखत जातो आणि त्याचे ड्रायव्हर सुरू करतो.
5. इन्स्टॉलर सुरू होतो. डिस्कचे भाग पाडतो, फायली कॉपी करतो आणि शेवटी डिस्कवर बूटलोडर बसवतो.

हे टप्पे क्रमाने होतात, आणि आपल्याला फायदा त्याचाच आहे. ग्रबचा मेनू दिसला म्हणजे पहिले दोन टप्पे पार पडले. यूईएफआयला पेनड्राइव्ह सापडला, त्यामुळे बूट ऑर्डरशी खेळत बसायची गरज नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: शेवटचा व्यवस्थित पार पडलेला टप्पा कोणता? त्याच्या उत्तराने निम्मे संशयित एका झटक्यात बाद होतात.

थांबलंय की हळू चाललंय?

दुसरा प्रश्न इतका साधा आहे की तो विचारायचाच राहून जातो. डीडीआर5 रॅमचं मशीन पहिल्यांदा चालू केलं, की मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेण्यासाठी वेगवेगळ्या वेळांच्या चाचण्या करतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. काही मदरबोर्डवर यात कित्येक मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. घाबरून मध्येच बटण दाबलं, की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. अनेक मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. काम ज्या पायरीवर आहे त्याचा दिवा लागलेला असतो. आधी तो बघा.

कर्नल सुरू झाल्यानंतर एक सोपी युक्ती आहे. कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल बहुधा जिवंत आहे आणि अडचण वरच्या थरात आहे. दिवा ढिम्म राहिला, तर अडचण खोलवर असण्याची शक्यता जास्त. पेनड्राइव्हला दिवा असेल तर तो लुकलुकतोय का, हेही बघा. जुन्या, संथ पेनड्राइव्हवरून कॉपी व्हायला खरोखर बराच वेळ लागतो.

आपल्या संस्थांमध्ये हमखास भेटणारं आणखी एक प्रकरण म्हणजे नेटवर्क. लॅनची केबल लावलेली असते, पण इंटरनेट लॉगिन किंवा प्रॉक्सीच्या मागे असतं. तुम्ही "इन्स्टॉल करतानाच अपडेट उतरवा" हा पर्याय निवडलेला असतो. इन्स्टॉलरला वाटतं नेट आहे, तो सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसतो, आणि आपण रॅमला दोष देतो. केबल काढा, अपडेटचा पर्याय बंद ठेवा आणि पुन्हा सुरू करा. अपडेट नंतरही करता येतात.

सुंदर लोगो बाजूला सारा

उबुंटू सुरू होताना फिरणारं चक्र दिसतं. त्याच्या मागे कर्नल ओळीमागून ओळी छापत असतो, आपल्याला त्या दाखवल्या जात नाहीत एवढंच. ग्रबच्या मेनूवर हव्या त्या ओळीवर जाऊन इंग्रजी 'ई' ही की दाबली की बूटच्या आज्ञा संपादित करता येतात. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द असतात. ते खोडा आणि एफ10 दाबा. आता सगळं उघड दिसेल. जिथे थांबेल तिथल्या शेवटच्या दहा-पंधरा ओळींचा मोबाइलवर फोटो काढा.

इन्स्टॉलर सुरू झाल्यावर अडकलं, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ2 किंवा एफ3 एकत्र दाबून टर्मिनल उघडतं का ते पाहा. तिथे 'डीमेसेज' ही आज्ञा (लिहिताना डी, मग 'मेसेज'चं एम-ई-एस-जी) कर्नलचे निरोप दाखवते.

एक खबरदारी. शेवटची ओळ म्हणजे गुन्हेगार असं नाही. तिच्यानंतर जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, तो खरा संशयित. शिवाय 'एरर' हा शब्द दिसला की दचकू नका. व्यवस्थित चालणाऱ्या मशीनच्या नोंदीतही दोन-चार एरर असतातच. शक्य असेल तर शेजारच्या धडधाकट मशीनची नोंद काढून तुलना करा. प्रयोगात जसा कंट्रोल ठेवतो, तसं.

कोणत्या टप्प्यावर कोणाचा संशय घ्यायचा

*स्क्रीनवर काहीच नाही.* मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. अशा वेळी केबल मदरबोर्डला लावली तर काहीच दिसणार नाही, ती ग्राफिक्स कार्डला लावायला हवी. रॅम खाचेत पूर्ण बसली आहे का आणि प्रोसेसरची वीज देणारी वेगळी केबल लावली आहे का, हेही इथेच तपासा.

*पेनड्राइव्ह दिसतो, पण बूट होत नाही.* उतरवलेल्या आयएसओ फाइलचा शा-256 चेकसम काढा आणि उबुंटूच्या संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी ताडून बघा. हा 64 चिन्हांचा ठसा असतो. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. अर्थात फाइल बरोबर असूनही पेनड्राइव्हवर लिहिताना गडबड होऊ शकते. म्हणून लिहून झाल्यावर पडताळणी करणारं साधन वापरा, बलेनाएचर तसं करतं.

*ग्रबनंतर स्क्रीन काळी.* इथे पहिला संशय ग्राफिक्सवर. एनव्हिडियाचं कार्ड नवीन आणि कर्नल त्यामानाने जुना असेल, तर कर्नलमधला नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर त्या कार्डावर अडखळू शकतो. उबुंटूच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय असतो, तो निवडून बघा. हा पर्याय कर्नलला 'नोमोडसेट' अशी सूचना देतो: स्क्रीनचं रेझोल्यूशन वगैरे तू ठरवू नकोस, फर्मवेअरने जे दिलंय त्यावर भागव. इन्स्टॉलेशन झाल्यावर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकायचा. सिक्युअर बूट चालू असेल, तर त्या ड्रायव्हरसाठी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर तो विचारतात. ती स्क्रीन घाईत ओलांडली, तर ड्रायव्हर लोड होत नाही.

*इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.* इंटेलच्या मशीनवर व्हीएमडी किंवा आरएसटी चालू असणं हे नेहमीचं कारण. डिस्क एका वेगळ्या कंट्रोलरच्या आड जाते. बायोसमधून ते बंद करता येतं. मात्र त्याच डिस्कवर आधीपासून विंडोज असेल, तर तयारी न करता बंद केल्यास विंडोज बूट व्हायचं थांबू शकतं. दुसरं कारण असेंबल केलेल्या मशीनचं खास: अनेक मदरबोर्डवर ठरावीक एम.2 खाच वापरली की काही साटा पोर्ट बंद होतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो. पुस्तिका खोक्याबरोबर फेकू नका.

*काही मिनिटांनी मशीन बंदच पडतं.* प्रोसेसरचं तापमान बायोसमध्ये बघा. कूलरखालची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची राहून जाणं ही अगदी जुनी गोष्ट आहे.

*फायली कॉपी होताना अडकतं.* पेनड्राइव्ह, डिस्क किंवा रॅम. हे सगळ्यात चकवणारं प्रकरण, म्हणून जरा सविस्तर बघू.

एक मशीन, चार रॅम, तीन संशयित

आमच्या विभागातल्या एका मशीनची ही गोष्ट. रायझन 9 7950एक्स प्रोसेसर, 32 जीबीच्या चार डीडीआर5 रॅम, म्हणजे एकूण 128 जीबी. विक्रेत्याकडून मशीन आलं तेव्हा बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल चालू होतं, रॅमचा वेग 6000. उबुंटूचं इन्स्टॉलेशन कॉपी होताना थांबायचं. एकदा सुरुवातीलाच, एकदा अगदी शेवटी, एकदा मध्येच.

पहिला धागा याच वाक्यात आहे. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल खराब असती, तर इन्स्टॉलेशन साधारण त्याच जागी थांबलं असतं. दर वेळी वेगळ्या जागी थांबतंय, म्हणजे दोष बहुधा साठवलेल्या डेटात नाही, तो त्या क्षणी घडतोय. रॅम, वीज, उष्णता, सैल जोडणी अशा गोष्टी असं वागतात. कर्नलच्या नोंदीत स्क्वॅशएफएसचे एरर होते. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरची सिस्टीम या प्रकारात दाबून भरलेली असते, आणि ती उलगडताना डेटा जुळत नाही अशी ती तक्रार होती. पण डेटा वाचतानाच चुकीचा आला की रॅममध्ये गेल्यावर बिघडला, हे त्या ओळीवरून कळत नाही.

मग एकेक चाचणी, आणि प्रत्येक वेळी एकच बदल.

पहिली: तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला. इन्स्टॉलेशन बिनबोभाट झालं. पेनड्राइव्हवरचा संशय जवळजवळ संपला.

दुसरी: मूळ मशीनवर बाकी काही न बदलता फक्त एक्स्पो बंद केलं. रॅमचा वेग 3600 वर आला. इन्स्टॉलेशन पहिल्या झटक्यात पूर्ण.

बहुतेक जण इथे थांबतात. पण एकदा यशस्वी होणं हा पुरावा नव्हे. दोष अधूनमधून येणारा असेल, तर तो या वेळी योगायोगानेही आला नसेल. म्हणून तिसरी चाचणी: एक्स्पो परत चालू केलं. इन्स्टॉलेशन परत अडकलं. बंद केलं, झालं. दोष हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, तेव्हाच आपल्या हाती कारण लागलं असं म्हणता येतं.

चौथी: मेमटेस्ट86+ ही रॅम तपासणारी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवली. तिच्या 6 व्या आवृत्तीपासून ती यूईएफआयवरही चालते. एक्स्पो चालू असताना एरर आले, बंद असताना रात्रभर एकही नाही. ही चाचणी चालते तेव्हा डिस्कचा काही संबंधच नसतो, त्यामुळे डिस्कही सुटली.

आता चारपैकी कोणती रॅम खराब, असा प्रश्न कोणीही विचारेल. पाचवी चाचणी: दोन रॅम काढल्या आणि उरलेल्या दोन 6000 वर चालवल्या. एरर नाही. त्या काढून दुसऱ्या दोन लावल्या. तरीही एरर नाही. चारही लावल्या की एरर हजर! म्हणजे खराब रॅम एकही नव्हती. चार रॅम एकदम त्या वेगाने सांभाळणं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला झेपत नव्हतं. एएमडीने या प्रोसेसरसाठी दिलेली माहिती उघडली तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं: दोन रॅम असतील तर 5200, चार असतील तर 3600. खोक्यावरचा 6000 हा आकडा ओव्हरक्लॉकिंगचा असतो. तो मिळेलच अशी हमी प्रोसेसरची कंपनी देत नाही.

पाचवी चाचणी केली नसती, तर चांगल्या रॅम बदलून मागवण्यात महिना गेला असता आणि नव्या रॅमनेही तेच केलं असतं. शेवटी निवड दोन पर्यायांत होती: 64 जीबी वेगाने की 128 जीबी सावकाश. त्या लॅबच्या कामाला जास्त रॅम हवी होती, म्हणून 3600 वर मशीन चालू ठेवलं.

कोणी म्हणेल, डीडीआर5 मध्ये आतच ईसीसी असतं ना, मग काळजी कशाला? ते ईसीसी चिपच्या आतल्या बिटांपुरतं असतं. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर डेटा बिघडला, तर ते काही करू शकत नाही. महत्त्वाच्या दीर्घ गणनांसाठी खरी ईसीसी रॅम आणि तिला साथ देणारा मदरबोर्ड घ्यावा, असं म्हणतात ते याचसाठी.

संशयित जास्त असतील तर निम्मे करत जा

दोन-दोन रॅम लावून बघणं ही निम्मे करण्याचीच रीत आहे. सोळा संशयितांतून एक शोधायचा असेल आणि प्रत्येक चाचणी निम्मे बाद करत असेल, तर चार चाचण्या पुरतात. एकेक करत गेलात तर पंधरापर्यंत लागू शकतात. म्हणून आधी कमीत कमी भागांवर मशीन चालवा: एक रॅम, एक डिस्क, प्रोसेसरमध्ये असेल तर अंगचंच ग्राफिक्स, बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर. इतक्यावर इन्स्टॉलेशन झालं, की भाग परत जोडत जा. मात्र वरच्या उदाहरणाने शिकवलेली गोष्ट विसरू नका. प्रत्येक भाग सुटा निर्दोष असूनही सगळे मिळून दोष तयार करू शकतात. म्हणून शेवटची चाचणी पूर्ण मशीनवरच करायची.

आणि बायोस अपडेट? त्याने रॅमच्या आणि नव्या प्रोसेसरच्या तक्रारी खरोखर मिटतात. पण ते करताना एक्स्पो किंवा एक्सएमपी बंद ठेवा, वीज जाणार नाही याची सोय करा, आणि त्याच वेळी दुसरं काहीही बदलू नका.

लिहून ठेवा

9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क 2 या कॉम्प्युटरच्या एका रिलेत पतंग सापडला. तो पतंग चिकटवलेलं नोंदवहीचं पान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 'बग' या शब्दामुळे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला त्या पानातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. तिथे वेळ लिहिली आहे, 15:45, आणि जागाही: पॅनल एफ, रिले क्रमांक 70. "मशीन बिघडलं होतं, आता ठीक आहे" असं तिथे लिहिलेलं नाही.

तुमच्या वहीत प्रत्येक प्रयत्नाला चार रकाने ठेवा: काय बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं, त्यावरून काय बाद झालं. दुसरा रकाना चाचणीच्या आधी भरायचा. नंतर भरला तर मन आपोआप निकालाशी जुळणारं कारण रचतं.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. मदत मागायची वेळ आली, की सिनिअरला "सर, इन्स्टॉल होत नाहीये" असं सांगण्याऐवजी तुम्ही म्हणाल: "ग्रबपर्यंत येतं, कॉपी होताना दर वेळी वेगळ्या जागी थांबतं, पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर चालतो, एक्स्पो बंद केलं की होतं." असं सांगितलंत तर समोरचा माणूस खुर्ची ओढून तुमच्याबरोबर बसेल. आणि वर्षभराने त्याच मशीनने एखाद्या रात्री विचित्र आकडे दिले, तर ते पान उघडून आधी रॅमचा वेग कोणी बदललाय का, ते बघा.